ड्रॉपचं वर्ष: लातूर, कोटा का उत्तरेश्वर पेठ

मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी बारावीनंतर ड्रॉप घ्यायचा का नाही यावर कोल्हापूरात, उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या घरात फार वाद झालाच नाही. वाद झाला तो ड्रॉप घेऊन करायचं काय यावर, आणि तो जून २०२४ पासून पार जुलै अर्धा होईपर्यंत चालला. लोकांना वाटतं एक वर्ष घेतलं, अभ्यास केला, परत पेपर दिला, यात ठरवण्यासारखं काय आहे. सगळं तिथंच तर ठरवायचं असतं. राहायचं कुठं, क्लास कुठला, का क्लासच नको, हातात एखादी सीट धरून ठेवायची का मोकळं राहायचं, घरातले पैसे कशात घालायचे, आणि अभ्यास सोडून दिवसातले जे तास उरतात त्यांचं काय करायचं. हा शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि माझं वर्ष तर सगळं त्याच्यावरच फिरलं.

आधी परिस्थिती सांगतो. ५ मे २०२४ ला नीटचा पेपर झाला. निकाल १४ जूनला लागणार असं सांगितलेलं, त्यामुळं ४ जूनला घरात सगळे टीव्हीसमोर लोकसभेची मतमोजणी बघत बसलेले, बाहेर पेठेत गुलालाची तयारी चाललेली आणि मधेच मित्राचा फोन, अरे निकाल लागलाय बघ. ५३८. बायोला ३१०, केमिस्ट्रीला १३६ आणि फिजिक्सला ९२. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्या वर्षी मार्क नुसते सुटले होते, पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० वालेच ६७ जण. महाराष्ट्रात ओपनला गव्हर्नमेंट सीट सहाशेच्या बऱ्याच वर जाऊन थांबणार हे दुसऱ्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं.

त्यात पुढं तमाशा. काहींना ग्रेस मार्क, मग ते रद्द, मग त्या १,५६३ जणांना परत परीक्षा, मग पेपरफुटीच्या बातम्यांत पाटणा, गोध्रा आणि एक दिवस लातूरचंही नाव, आणि सगळं प्रकरण सुप्रीम कोर्टात. आमच्यासारख्यांची पंचाईत वेगळीच होती. रिपीटर बॅचा जूनमध्येच सुरू होतात आणि फी भरायला फोनवर फोन येत असतात. कोर्टानं पेपर रद्द केला तर महिन्या-दोन महिन्यांत परत पेपर, नाही केला तर पुढचा मे. अभ्यास कशाचा करायचा, रिव्हिजनचा का पहिल्यापासूनचा, हेच कळत नव्हतं. पप्पा शेवटी वैतागून म्हणाले, कोर्ट काय म्हणायचं ते म्हणू दे, आपण आपलं ठरवूया. (कोर्टानं २३ जुलैला परीक्षा रद्द करायला नकार दिला, २६ ला सुधारित निकाल आला, ६७ चे १७ झाले, माझे ५३८ तसेच.)

आता ऑप्शन. मामा पुण्यात असतो, त्याचं एकच, कोट्याला पाठव, तिथं वातावरण असतंय. आईनं पोरांच्या आत्महत्या थांबवायला कोट्यातल्या पंख्यांना स्प्रिंग बसवल्याच्या बातम्या बघितल्या होत्या, तिनं मामाला फोनवरच सांगितलं की ज्या गावात पंख्याला स्प्रिंग बसवायला लागते त्या गावाला माझं पोरगं जाणार नाही, विषय संपला. मामा त्यावर महिनाभर तिच्याशी बोलला नाही, पण ते आमच्याकडं दर दोन वर्षांनी होतंच.

लातूर मात्र खरंच डोक्यात होतं. माझ्या वर्गातला जवळचा मित्र जाणार होता, त्याच्या बरोबर एक रूम घेऊया म्हणून पप्पा आणि मी बघून आलो. सोलापूरवरून एसटीनं, पाठीचा पार भुगा. तिथं एका क्लासमध्ये काउन्सिलर मॅडमनी माझे मार्क विचारले, मी सांगितल्यावर अर्धा सेकंद पण न थांबता म्हणाल्या, ६५० पक्के. पप्पा म्हणाले, याचा पेपर न बघता कसं सांगितलं तुम्ही? त्या हसल्या आणि फीचा कागद पुढं सरकवला. रूम बघितली, एका हॉलला प्लायवूड मारून चार खोल्या केलेल्या, शेजारच्याचा खोकला पण आपल्याच खोलीत. फी, रूम, मेस सगळं धरून वर्षाला अडीच लाखांच्या आसपास जात होतं. तरी मला ते वातावरण आवडलं होतं हे खरं. अख्खा रस्ता आपल्यासारख्याच पोरांचा, चहाच्या टपरीवर पण पोरं मोल कन्सेप्टवर भांडत होती.

बाहेरच्या देशात जाऊन एमबीबीएस करायचा पण एक सेमिनार ऐकला, ताराबाई पार्कात एका हॉटेलच्या हॉलमध्ये, वडा सांबार फुकट. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, स्लाइडवर बर्फ आणि हसरी पोरं. मी घरी येऊन नॅशनल मेडिकल कमिशनचे २०२१ चे नियम काढून वाचले. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्लिशमधून हवा, त्यावर तिथंच १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग इथं येऊन परीक्षा ३०० पैकी १५० ला पास, आणि परत इथं इंटर्नशिप. यातलं त्या स्टेजवर फक्त इंग्लिशचं सांगितलेलं. प्रायव्हेट कॉलेजचा विषय काकानं काढला, गावाकडं आमचं पाऊण एकर उसाचं रान आहे, ते विकूया म्हणाला. आज्जी काही बोलली नाही, फक्त जेवता जेवता ताटावरनं उठली. परत कुणी तो विषय काढला नाही.

बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाला, नंबर लागला असता. बरेच जण काय करतात, सीट घेतात, कॉलेजला नाव राहतं आणि मागनं परत नीट देतात. माझी एक मैत्रीण बीएएमएसला गेली, तिला ते मनापासून आवडलं आणि ती परत नीटच्या वाटेलाच गेली नाही, तिचं छान चाललंय. पण मला ते फक्त मागं काहीतरी असावं म्हणून घ्यायचं होतं, आणि एका सीनियरनं सांगितलं की ओरिजिनल कागदपत्रं कॉलेजला जमा असतात, हजेरी लागते, पहिल्या वर्षी संस्कृतपासून सगळं असतंय, तू दोन्हीकडचा जाशील. ते मला पटलं.

आता खरी गोष्ट. पप्पा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेत. आयुष्यभर त्यांनी खराब निघालेले कास्टिंग बघितले आहेत. लातूरवरून आल्यावर एका रविवारी त्यांनी मला रिस्पॉन्स शीटची प्रिंट काढून आणायला सांगितली. परीक्षा घेणारी एनटीए आपल्या ओएमआरचा, म्हणजे उत्तरपत्रिकेचा, स्कॅन आणि आपण कुठल्या प्रश्नाला काय मारलं ते दाखवतं, आणि वेगळी आन्सर की असते. बिंदू चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडनं सगळं काढून आणलं, प्रश्नपत्रिकेसकट. टेबलवरचं पोह्यांचं ताट बाजूला करून त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि फूटपट्टीनं चार रकाने पाडले.

म्हणाले, आमच्यात पीस रिजेक्ट झाला की रिजेक्ट झाला एवढंच लिहीत नाहीत. ब्लोहोल हाय का, श्रिंकेज हाय का, वाळू गेलीय का, कशानं गेला ते लिहायचं. सगळ्यावर एकच औषध चालत नसतंय. तुझं रिजेक्शन कशाचं हाय ते आधी बघूया, मग लातूर का कोटा का काय ते बघू.

माझे चुकलेले प्रश्न होते ३४ आणि सोडलेले फक्त ३. एकेक प्रश्न काढायचा, मी त्यांना तोंडी सोडवून दाखवायचा. त्यांना फिजिक्सचं काही कळत नाही, पण मी अडखळलो की लगेच कळतं. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, आज्जीची झोप झाली. शेवटी रकाने असे भरले: येत होतं पण चुकलं, १५. अंदाजपंचे मारलं, ११, त्यातले बहुतेक फिजिक्सचे. प्रश्नच नीट वाचला नाही, ५. आणि धडाच येत नव्हता, फक्त ३.

पप्पा त्या तीनकडं बघत राहिले. म्हणाले, क्लास काय शिकवणार मग? तीन पीससाठी अख्खं पॅटर्न बदलतेत काय कोण?

मला ते तेव्हा झोंबलं, कारण माझं मन लातूरच्या टपरीवर होतं. पण कागद समोर होता. पहिल्या धड्यापासून वर्षभर लेक्चर ऐकणं हे माझ्या रोगाचं औषधच नव्हतं. मला हवं होतं पेपरला बसणं, परत परत, आणि अंदाजपंचे मारायची खोड मोडणं, कारण चुकलं की मार्क कापतात. ते कुठंही बसून होतं. मित्राचा कागद आम्ही असाच भरला (त्यानं हौसेनं भरून घेतला), त्याचं धडाच येत नव्हता या रकान्यात वीसच्या वर निघाले. तो लातूरला गेला, आणि त्याच्यासाठी ते बरोबरच होतं. त्यामुळं घरी बसून होतं, क्लास कशाला, असं कुणाला सरसकट सांगायचं माझं धाडस नाही. आधी कागद भरा एवढंच सांगीन.

मग ठरलं ते असं: टेस्ट सिरीज कोल्हापूरातच एका क्लासची, दर रविवारी तिथं जाऊन ओएमआरवर पेपर द्यायचा, तो पण दुपारी २ ला कारण खरा पेपर २ ला असतो आणि जेवण करून बसल्यावर झोप कशी येते ते पण शिकायला लागतं. सकाळी भवानी मंडपाजवळच्या एका अभ्यासिकेत, महिना ७०० रुपये, तिथं सगळे एमपीएससीवाले, माझ्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी मोठे. एनसीईआरटी आणि जुने पेपर. लातूरच्या दहाव्या हिश्श्यात बसलं सगळं.

आईचा एक आक्षेप मात्र राहिला आणि तो बरोबर होता. संध्याकाळी हे पोरगं काय करणार? सकाळी सात ते दुपार, मग जेवण, मग परत चार-पाच तास, त्यानंतर डोकं चालत नाही हे बारावीत दिसलंच होतं. त्यानंतर मोबाइल, नाहीतर गल्लीत कट्ट्यावर. पेठेत कट्ट्यावर बसलं की येणारा जाणारा प्रत्येक माणूस विचारतो, काय करायलास सध्या? ड्रॉप घेतलाय म्हटलं की पुढचा प्रश्न, मागच्या वर्षी किती पडले? त्याच्यापुढं, आमच्या अमक्याच्या पोराला एवढे पडले. हे रोज.

जुलैच्या सुरवातीला आज्जीला बीपी बघायला आमच्या पेठेतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. जुने एमबीबीएस, साठीच्या पुढचे, दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकडी. त्यांचा कंपाउंडर मॉलमध्ये नोकरीला लागलेला, डॉक्टर स्वतःच दारात येऊन नंबर पुकारत होते. आज्जीनं माझी सगळी कथा सांगून टाकली. डॉक्टरांनी पट्टा सोडता सोडता मला विचारलं, अभ्यास कधी करतोस? मी सांगितलं. मग संध्याकाळी काय करतोस?

मी म्हणालो, काही नाही.

मग ये की हितं. सहा ते नऊ. महिना तीन हजार देतो, सुट्टी रविवारी.

घरी सांगितल्यावर आईचं पहिलं वाक्य, डॉक्टर व्हायला निघालेला आणि कंपाउंडर झाला. पप्पा म्हणाले तीन तासच हाय, बघू दे की त्याला, आयुष्यभर जे करायचं म्हणतोय ते बघून तरी येऊ दे. तिला पुढं कुणीतरी भाजी घेताना म्हणालं, तुमचा मुलगा दवाखान्यात असतोय न्हवं, लै नीट बोलतोय म्हाताऱ्यांशी. त्यानंतर तिचा विरोध आपोआप मावळला.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. सुईला हात लावायचा नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. कुठली गोळी कशाला चालते हे पेशंटला आपल्या तोंडानं सांगायचं नाही. आणि कुणाला काय झालंय ते या दाराच्या बाहेर न्यायचं नाही, घरी पण नाही. पहिल्या दोन सोप्या होत्या. तिसरी उत्तरेश्वर पेठेत पाळून दाखवा. रात्री जेवताना आज्जी रोज एकच सूर लावायची, आज कोण कोण आलेलं रे?

काम म्हणजे लाकडी पेटीतनं केसपेपर काढून द्यायचा, घराघराप्रमाणं लावलेले, एकेका घराचे तीन पिढ्यांचे कागद एका रबरात. वजन करायचं, ताप बघायचा, नंबर पुकारायचा, नऊला झाडू मारून शटर ओढायचं. बस.

मी लागलो आणि आठवड्याभरातच पंचगंगा वाढायला लागली. बाहेरच्यांना सांगतो, कोल्हापूरात पावसाळ्यात लोक एकमेकांना नमस्कार करत नाहीत, फूट विचारतात. राजाराम बंधाऱ्याला ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. त्या जुलैच्या शेवटी ४७ च्या वर गेली. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या लोकांना ४७ काहीच नाही असं म्हणायची पण सवय झालीय, पण नदीकडच्या गल्ल्यांतनं माणसं सामान उचलून नातेवाइकांकडं यायला लागलीच. दवाखान्यात प्रत्येक जण आला की आधी, जामदार क्लबला आलंय काय पाणी? आणि मग दुखणं. पाण्यातनं चालून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, ताप, जुलाब, आणि लेप्टोची भीती म्हणून डॉक्सिसायक्लिन. बायोच्या पुस्तकात लेप्टो नाही. मी घरी येऊन मोबाइलवर वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं उंदराच्या मुतातनं होतंय म्हणजे नक्की कसं, तर गर्दीत उभ्या उभ्या त्यांनी मला पायावरची भेग दाखवून समजावलं. ज्याची भेग होती तो माणूस पण लक्ष देऊन ऐकत होता.

पूर ओसरला आणि पाठोपाठ डेंग्यू, चिकनगुनिया. ऑगस्ट-सप्टेंबरला बाहेर बाकड्यावर बसायला जागा नाही. चिकनगुनियाचा पेशंट मी लांबून ओळखायला लागलो, पायरीच्या आधी थांबतो आणि पायरीकडं बघतो. गंगावेशेतल्या एक मावशी यायच्या, ताप जाऊन महिना झालेला पण हाताचे सांधे धरलेले. त्यांना दुखणं दहापैकी किती वगैरे विचारून काही उपयोग नव्हता. डॉक्टर विचारायचे, भाकरी थापता येतीय काय? एक आठवडा म्हणाल्या, न्हाई. पुढं म्हणाल्या, दोन येत्यात, तिसरी सुनेला सांगतो. मग एक दिवस येऊन म्हणाल्या, पाच थापल्या आज. डॉक्टरांनी केसपेपरवर खरंच लिहिलं, भाकरी ५. मी बघितलंय.

आणखी एक गोष्ट तिथं कळली जी आत डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून कळत नाही. माणसं खरं बाहेर सांगतात. आत गेली की सगळे गोळ्या वेळेवर घेतात, मीठ कमी खातात, दारू सोडलेली असते. बाहेर माझ्याजवळ वजनाच्या काट्यावर उभे राहिले की सुरू. एक बाबा शुगरचे, रिटायर्ड, कायम इस्त्रीचा शर्ट, काट्यावर उभं राहून मला हळूच म्हणाले, डॉक्टरास्नी बोलू नगंस, गोळी एक दिसाआड खातोय, म्हयना निघत न्हाई. मी काय करावं? बोलू नको म्हणालेत. मी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक लिहिलं, एक दिवसाआड. डॉक्टरांनी ते वाचलं, माझं नाव नाही घेतलं, बाबांना काही रागावले पण नाहीत. साखरेच्या रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, ही गोळी जरा महाग पडतीय सगळ्यांनाच, आपण दुसरी बघूया, आणि जनऔषधी दुकानात मिळणारी लिहून दिली. बाबा बाहेर येऊन मला म्हणाले, बघ, न सांगता वळिकलं. त्यानंतर डॉक्टरांनी मला पेन्सिल कायम खिशात ठेवायला सांगितली.

याचा नीटला उपयोग झाला काय? सरळ उत्तर, शून्य. एक प्रश्न सुद्धा दवाखान्यातनं सुटला नाही. उलट पुराच्या आणि चिकनगुनियाच्या दिवसांत नऊचे साडेदहा व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत मान पडायची. ज्यांना वाटतं की असं काही केल्यानं अभ्यासाला प्रेरणा वगैरे मिळते त्यांना सांगतो, रात्री दमून आल्यावर रोटेशनल मोशन बघून कसलीही प्रेरणा येत नाही. झालं ते एवढंच की दिवसाला शेवट आला. संध्याकाळी सहाला दवाखान्यात जायचंच आहे म्हटल्यावर त्याच्या आधीचे तास वाया घालवायला मन धजायचं नाही. आणि काय करायलास सध्या या प्रश्नाला उत्तर मिळालं. दवाखान्यात असतो म्हटलं की माणसं मार्क विचारायची विसरून आपल्या गुडघ्याचं सांगायला लागायची.

हिवाळ्यात एक मोठा गचका बसला. डिसेंबरात टेस्टचे मार्क सलग घसरले, फिजिक्स परत नव्वदीत, आणि त्याच वेळी आमच्याकडं शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन सुरू. पेठेतलं पोरगं असून मॅच बघायची नाही म्हणजे काय हे फक्त कोल्हापूरकरालाच कळेल. लातूरच्या मित्राचा फोन आला की तिकडं सगळे साडेसहाशेच्या वर मारतायत. दोन-तीन दिवस मला वाटलं पप्पांच्या त्या कागदानं माझं वर्ष घालवलं, आणि ते मी त्यांना बोललो पण. ते म्हणाले, नवीन कागद काढ. परत रकाने. यावेळी येत होतं पण चुकलं हे निम्म्यावर आलेलं, पण अंदाजपंचे जिथल्या तिथं. म्हणजे खोड एकच राहिलेली. त्यावर उपाय त्यांनी काढला तो मला आधी हास्यास्पद वाटला: टेस्टमध्ये प्रश्न सोडताना त्याच्यापुढं पेन्सिलनं गोल करायचा, आणि घरी आल्यावर ते गोल मोजायचे, जेवढे गोल तेवढे दहा रुपये. सोडल्याचे पैसे! मार्क मिळवल्याचे नाहीत. जानेवारीत मी त्यातनं शाहू स्टेडियमची तिकिटं काढली.

जानेवारीच्याच शेवटी एनटीएनं पॅटर्न बदलला. कोरोनापासून २०० पैकी १८० प्रश्न सोडवायचे असायचे आणि वेळ तीन तास वीस मिनिटं, ते गेलं. आता सरळ १८० प्रश्न, सगळे सोडवायचे, १८० मिनिटं. पर्याय नाही, वीस मिनिटं गायब. अभ्यासिकेत मी एकटाच नीटवाला, त्यामुळं घाबरायला सोबत पण नव्हती. एका अर्थी बरं झालं.

४ मे २०२५. फिजिक्स बघून सुरवातीला मला वाटलं चुकून इंजिनिअरिंगच्या जेईईचा पेपर दिलाय. पुढच्या बाकावरच्या पोरानं पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसतं छताकडं बघितलं. मी आठ प्रश्न गोल करून सोडले. हात शिवशिवत होते, चार पर्यायांतले दोन तर उडवता येत होते, तरी सोडले. बाहेर आल्यावर गेटजवळ सगळे रडवेले, आई-वडील पोरांच्या पाठीवर हात ठेवून उभे. पप्पांनी किती सोडले एवढंच विचारलं.

१४ जूनला निकाल. ५२९. म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा नऊ कमी. आज्जीला हे काही केल्या समजवता येईना. वरीसभर घासली आणि कमी पडले? पण त्या वर्षी देशात पहिल्याला ६८६ होते, मागच्या वर्षी सतरा जणांना पैकीच्या पैकी होते ते आठवा. माझा रँक एकदम कुठल्या कुठं वर आलेला. बायो आणि केमिस्ट्री दोन्ही घसरले, पण फिजिक्स ९२ वरून १०८, आयुष्यातल्या सगळ्यात अवघड पेपरला. चुकलेले फक्त आठ, तिथं आदल्या वर्षी सोळा होते. पप्पांनी तो जुना कागद काढून त्याखाली नवीन आकडे लिहिले आणि काही न बोलता फाइलला लावला, ते सगळ्याची फाइल करतात. दुसऱ्या राउंडला रत्नागिरीचं गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज लागलं. आंबा घाट उतरलं की पोहोचलो. लातूरच्या मित्राला सोलापूर मिळालं, माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क, त्यानं तिथं खरंच घासली.

अॅडमिशनला गॅप सर्टिफिकेट लागतं, म्हणजे बारावी २०२४ ला आणि प्रवेश २०२५ ला, तर मधल्या वर्षी काय करत होतो त्याचं अॅफिडेव्हिट. पप्पा आणि मी कसबा बावड्याला कोर्टाजवळ टायपिंगवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि वर्ष बदलायचं. सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नसून घरी राहून परीक्षेची तयारी करीत होतो. मी म्हणालो, त्यात दवाखान्यात काम केल्याचं पण घालायचं काय? तो न बघताच म्हणाला, कशाला उगं, काम केलं म्हटलं की दाखला मागतील, नोकरी होती काय विचारतील, घरात बसून होतो म्हणा, घरात बसलेल्याला कोण काय विचारत नाही. मी पप्पांकडं बघितलं, ते म्हणाले लिहू दे. सही केली, आणि टायपिंगचे पैसे मी माझ्या पगारातनं दिले.